रंगपेटी द्यावी, पण हप्त्याने



या पत्रिकेत आपण नेहमी लागण, खोडवा, उतारा आणि बिलाचे हप्ते यांवर बोलतो. या खेपेला विषय घरगुती आहे, पण तो हलका समजू नये. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरचे कोणी ना कोणी नवी मुंबईत आहे. मुंबईतले घाऊक बाजार १९८० आणि १९९० च्या दशकांत टप्प्याटप्प्याने वाशी-तुर्भ्याला गेले, आणि त्यांच्यामागे आपल्या भागातली माथाडी माणसेही तिकडे गेली. १९६९ चा माथाडी कायदा ज्यांच्या लढ्यामुळे झाला ते अण्णासाहेब पाटीलही पाटण तालुक्यातलेच. आज कोपरखैरणे, घणसोली, तुर्भे, नेरूळ इथे आपली बहीण नांदते आहे, भाऊ राबतो आहे, आणि त्यांची पोरे तिथल्याच शाळांत शिकत आहेत.

दिवाळीला किंवा मे महिन्यात आपण त्यांच्याकडे जातो तेव्हा हात हलवत जात नाही. गुळाची ढेप, ज्वारी, शेंगा, घरचे तूप असे काहीबाही घेऊन जातो. पोरांच्या हातावर निघताना नोट ठेवतो. आता त्या घरातला भाचा किंवा पुतणी तेरा-चौदा वर्षांची झाली आहे, वहीच्या मागच्या पानांवर सारखी चित्रे काढते आहे, आणि आपल्याला वाटते की यंदा पोरीला तिच्या आवडीचे काहीतरी न्यावे. काय न्यावे, हा प्रश्न काही सभासदांनी आमच्याकडे काढला. त्यावर आमचे मत मांडतो.

साधारणपणे होते काय, की माणूस एसटीतून उतरतो, वाशीच्या किंवा नेरूळच्या मोठ्या दुकानात शिरतो आणि सगळ्यात मोठा चकचकीत डबा उचलतो. त्यात खडू असतात, स्केचपेन असतात, जलरंगाच्या वड्या असतात, रबर असते, टोकयंत्र असते. दीडशे नग आणि एकही धड नाही! घरी नेल्यावर आई म्हणते, "केवढ्याचं आणलंत दादा! नीट ठेव गं, खराब करू नको." झाले. डबा कपाटावर जाऊन बसतो आणि पोरगी पुन्हा बॉलपेनने वहीच्या मागे चित्रे काढू लागते. पैसे गेले आणि कामही झाले नाही.

आमचे म्हणणे असे की चित्र काढणाऱ्या पोराला जी वस्तू वापरून संपते तीच द्यावी, ती थोडी थोडी आणि पुन्हा पुन्हा द्यावी, आणि देताना घरातल्या मोठ्यांसमोर द्यावी. या तिन्ही गोष्टींची कारणे सांगतो.

पहिली गोष्ट, संपणारी वस्तू. कागद आणि रंग हे चित्राचे खाद्य आहे. हात बसायला शेकडो कागद खराब व्हावे लागतात. महागाचा कागद दिला की पोर तो वाया जाईल म्हणून हात आखडते, आणि आखडलेल्या हाताने चित्र होत नाही. म्हणून आधी साधा कागद भरपूर द्यावा. शाळेच्या वहीचा कागद पातळ असतो. त्यावर पाण्याचा रंग लावला की तो गोळा होतो आणि पोराला वाटते आपल्यालाच जमत नाही. दोष कागदाचा असतो. कार्ट्रिज पेपर नावाचा जाड, किंचित खरखरीत कागद मिळतो, तो सरावाला चांगला. जलरंगासाठी त्याहून जाड, दोनशे ते तीनशे जीएसएमचा कागद लागतो, पण तो मोजकाच, हात बसल्यावर.

कागदाचा विषय निघाला म्हणून सांगतो. आपल्या उसाचा आणि चित्राच्या कागदाचा संबंध वाटतो तितका लांबचा नाही. एक टन ऊस गाळला की साधारण २८० ते ३०० किलो बगॅस निघते. आपल्याकडे ते बॉयलरला जाते आणि त्यावर वीज होते. तामिळनाडू सरकारने करूरजवळ जो कागद कारखाना उभा केला, तो १९८४ पासून प्रामुख्याने याच बगॅसपासून कागद काढतो. उसाच्या चिपाडावर कुणाचे तरी पोर अक्षर गिरवते, चित्र काढते, ही काही कमीपणाची गोष्ट नव्हे.

कागदानंतर पेन्सिली. दुकानात एकच मागू नये. एचबी, टूबी, फोरबी आणि सिक्सबी अशा चार घ्याव्यात. 'बी'च्या आधीचा आकडा वाढत जाईल तशी पेन्सिल मऊ आणि काळी होत जाते. छाया दाखवायला मऊ पेन्सिल लागते, आणि नुसत्या एचबीवर घासून घासून पोर कंटाळते. रंगांत बारा जलरंगांची किंवा पोस्टर कलरची साधी पेटी पुरते. लाल, पिवळा, निळा आणि पांढरा हे रंग आधी संपतात, म्हणून पुढच्या खेपेला तेवढ्याच सुट्या बाटल्या घ्याव्यात. ब्रश तीनच, पण बरे घ्यावेत : गोल दोन नंबर, गोल सहा नंबर आणि एक चपटा. केस गळणारे दहा ब्रश काही उपयोगाचे नाहीत. शिवाय एक लाकडी पाट, म्हणजे ड्रॉइंग बोर्ड, आणि दोन चिमटे. आणि खिशात मावेल अशी कोऱ्या पानांची छोटी वही.

हे सगळे मिळून किती होते? २०२५-२६ च्या हंगामाला केंद्राने ठरवलेली एफआरपी सव्वादहा टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये आहे. वर सांगितलेली सगळी यादी साधारण त्याच्या निम्म्यात बसते. तीही एकदम घ्यायची नाही.

आता दुसरी गोष्ट, हप्ता. ही तर आपल्याला कुणी शिकवायला नको. उसाला नत्र आपण एकदम ओततो का? लागणीला दहा टक्के, सहा ते आठ आठवड्यांनी चाळीस, बारा ते सोळा आठवड्यांनी दहा आणि मोठ्या बांधणीला उरलेले चाळीस. एकदम टाकले तर निम्मे पाण्याबरोबर वाहून जाते आणि पीक भुकेले ते भुकेलेच. चित्र काढणाऱ्या पोराचेही तसेच आहे. दिवाळीला पेन्सिली आणि कागद द्यावा. संक्रांतीला जाणे झाले तर पहिली वही भरली का ते बघून रंग द्यावेत. मे महिन्यात पोर गावी आले की पाट आणि ब्रश द्यावेत. जूनमध्ये शाळा उघडताना पुन्हा कागद. यात दोन फायदे आहेत. पोराला खात्री होते की हे संपले तर पुढचे येणार आहे, त्यामुळे ते मोकळ्या हाताने वापरते. आणि आपल्यालाही कळते की पोराला खरोखर ओढ आहे की आठ दिवसांची हौस. हौस असेल तर पहिल्याच हप्त्यात समजते आणि फार पैसेही जात नाहीत.

काही जण विचारतील की आताची पोरे मोबाईलवरच चित्रे काढतात, तर मग टॅबच घेऊन द्यावा का? आमचा टॅबला विरोध नाही. पुढे जाहिरातीच्या किंवा ॲनिमेशनच्या कामात तो लागतोच. पण आधी हात कागदावर बसू द्यावा. आणि टॅबमध्ये चित्राशिवाय दुसरेही पुष्कळ काही असते, हे आम्ही सांगायला नको.

तिसरी गोष्ट आमच्या मते सगळ्यात महत्त्वाची. भेट कोण देतो आणि कुणासमोर देतो. आपण गावाकडचे थोरले. बहिणीच्या घरी आपल्या शब्दाला वजन असते. मुलीने चित्र काढायला घेतले की घरात चार तोंडांनी चार बोलणी निघतात : "अभ्यास कर", "नसता उद्योग", "चित्रं काढून कुणाचं पोट भरलंय?" अशा घरात मामाने सगळ्यांसमोर बसून म्हणायचे, "दाजी, पोरीचा हात चांगला आहे. हा कागद मी आणलाय, तो संपला की मी आणखी आणणार. तिला रोज तासभर बसू द्या." एवढ्या एका वाक्याने त्या घरात चित्राला जागा मिळते. गुपचूप पोरीच्या हातात पेटी दिली तर ती लपवून ठेवावी लागते. चारचौघांत दिली तर ती घराने मान्य केलेली गोष्ट होते. पेटी पोरीला द्यायची असते खरी, पण सांगायचे असते ते घराला.

जागेचेही तसेच आहे. माथाडींच्या वसाहतींत घरे लहान. एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास, टीव्ही आणि झोपणे. तिथे रंगाचे पाणी सांडले की आई ओरडणारच, तिचीही चूक नाही. म्हणून लाकडी पाट द्यावा असे म्हटले. तो मांडीवर घेऊन बसता येते आणि काम झाले की दाराआड उभा करता येतो. दाराआडची ती वीतभर जागा पोराची, एवढे घरच्यांकडून कबूल करून घ्यावे. भिंतीवर एक दोरी बांधून तिला चिमट्याने चित्रे लटकवायची सोय करून दिली तर आणखी चांगले. त्याला खर्च काही नाही.

या जागेच्या गोष्टीवरून नवी मुंबईतलीच एक वस्ती आठवते. बेलापूरला सीबीडीच्या आठ नंबर सेक्टरमध्ये टेकडीच्या पायथ्याशी 'आर्टिस्ट व्हिलेज' आहे. १९८० च्या दशकात सिडकोसाठी वास्तुशिल्पकार चार्ल्स कोरिया यांनी तिची आखणी केली. मुंबईला खाडीपलीकडे जोडशहर असावे ही कल्पना १९६० च्या दशकात ज्यांनी मांडली त्यांतले कोरिया एक. ही वस्ती कशी आखली ते पाहण्यासारखे आहे. सात-सात घरांच्या मध्ये एक सामाईक अंगण, आणि असे तीन गट मिळून त्यांचे आणखी मोठे अंगण. प्रत्येक घर सुटे, शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत नाही. का, तर पुढे ज्याला जसे जमेल तशी त्याने एखादी खोली वाढवावी, माडी चढवावी, आणि ते काम गावच्या गवंड्यालाही करता यावे. म्हणजे घर पुरे करून हातात दिले नाही. सुरुवात दिली आणि वाढायला जागा ठेवली. आज तिथे गेले तर मूळची घरे ओळखू येत नाहीत इतकी लोकांनी ती बदलली आहेत. कुणी म्हणेल मूळ रूप बिघडले. आम्ही म्हणतो, वाढायला दिली होती ती वाढली.

पोराला द्यायची भेटही अशीच असावी. आकडे घालून रंग भरायची तयार चित्रे मिळतात, ठिपके जोडायच्या वह्या मिळतात. त्यात दुसऱ्याने आधीच सगळे ठरवून ठेवलेले असते, पोराने नुसते भरायचे. तेरा वर्षांच्या पोराला ते देऊ नये. कोरा कागद द्यावा.

वस्तूशिवाय आणखी एक भेट आहे, ती म्हणजे सोबत. नवी मुंबईत गेलो की आपण दोन दिवस टीव्हीसमोर बसतो. त्यातला एक दिवस पोराला द्यावा. बेलापूरची ती वस्ती त्याला दाखवावी. नेरूळमागच्या पाणथळीवर हिवाळ्यापासून मेपर्यंत रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, येतात. तिथे खिशातली वही काढून पोराला तासभर बसू द्यावे, आणि आपण घाई करू नये. शहरातल्या पुलांखालच्या आणि रस्त्याकडेच्या भिंती रंगवलेल्या आहेत, त्यातली कुठली भिंत आवडली आणि कुठली नाही, हे त्याला विचारावे. वाशीहून हार्बर लोकल पकडली की थेट सीएसएमटी. तिथून जवळच १८५७ साली सुरू झालेली जे. जे. कलाशाळा आहे. पुढे चालत गेले की काळा घोड्याला १९५२ सालची जहांगीर आर्ट गॅलरी. तिथे प्रदर्शन पाहायला तिकीट नाही. ज्या पोराने चित्र फक्त मोबाईलवर पाहिले आहे, त्याने खऱ्या चित्रावरचा रंगाचा थर एकदा जवळून पाहावा. आणि पोर मे महिन्यात गावी आले तर त्याला औंधला न्यावे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रे काढीत. त्यांनी १९३८ साली उभारलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्यांची मूळ चित्रे आहेत. कोल्हापूरकडे जाणे झाले तर चंद्रकांत मांडरे यांचे कलासंग्रहालय आहे. आपण या गावांवरून बैलबाजाराला, लग्नाला शंभर वेळा गेलो असू, पण आत किती जण गेलो?

आता पोटाचा प्रश्न. तो टाळून चालणार नाही, कारण घरात भांडण त्यावरूनच होते. चित्र काढणारे प्रत्येक पोर चित्रकार होत नाही, आणि आम्ही तसे आश्वासनही देत नाही. लावलेला प्रत्येक डोळा कुठे उगवतो? पण वाटा आहेत, त्या माहीत असाव्यात. शाळेतून एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय रेखाकला परीक्षा देता येतात. त्यांत स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, आणि भूमिती व अक्षरलेखन असे विषय असतात. इंटरमिजिएटला 'अ' श्रेणी मिळाली तर दहावीला ७ वाढीव गुण, 'ब'ला ५ आणि 'क'ला ३. नियम आणि अर्जाच्या तारखा शाळेतल्या चित्रकलेच्या सरांना विचारून घ्याव्यात. बारावीनंतर राज्याची प्रवेश परीक्षा देऊन चित्रकला, शिल्पकला, उपयोजित कला यांच्या पदवीला जाता येते. चित्रकला शिक्षकाची पदविका आहे. छपाई, वेष्टन, कापडाची नक्षी, जाहिरात, ॲनिमेशन, वास्तुकला, या सगळ्या धंद्यांना हात आणि नजर दोन्ही लागतात. आणि यांतले काहीच झाले नाही, पोराने शेती केली किंवा बाजारात नोकरी धरली, तरी नीट बघायची सवय कुठेच वाया जात नाही.

आपल्या भागाला तर ही परंपरा नवी नाही. आबालाल रहिमान यांना शाहू महाराजांनी दरबारचा आश्रय दिला, म्हणून कोल्हापूरचा कोटितीर्थ त्यांच्या चित्रांतून आपल्याला दिसतो. १८९० साली जन्मलेले बाबूराव पेंटर कारागिराच्या घरातले. चित्रकलेच्या कुठल्या शाळेत ते गेले नाहीत, पण अशा घरात हत्यारे हाताशी असतात आणि पोराने ती उचलली तर कुणी रागावत नाही. त्याच बाबूरावांनी पुढे कॅमेरा स्वतः तयार केला, आणि १९२५ साली 'सावकारी पाश' काढून कर्जात बुडालेला शेतकरी पडद्यावर आणला. तुमच्या-आमच्या आजोबांचे दुःख एका चित्रकाराने जगाला दाखवले, हे आपण विसरू नये. एकाला राजाने आश्रय दिला, दुसऱ्याला घराने हत्यारे दिली. आपण राजे नाही. पण घर तर आहोत!

बहुतेक पोरांचे रंग नेमके कधी सुटतात? नववी संपून दहावी लागते तेव्हा. क्लास लागतो, रंग माळ्यावर जातात, आणि "परीक्षा झाल्यावर काढ" असे सांगितले जाते. परीक्षा झाल्यावर अकरावी येते. मुलींच्या बाबतीत तर दहावीनंतर रंग पुन्हा खाली येतच नाहीत. म्हणून दहावीच्या वर्षीचा हप्ता कधी चुकवू नये, हे आमचे आग्रहाचे सांगणे आहे. त्या वर्षी मोठे काही नको. छोटी वही आणि दोन पेन्सिली पुरेत. अभ्यासातून उठल्यावर अर्धा तास चित्र काढले तर गुण कमी पडतात असे नाही. पण वर्षभर हात बंद राहिला तर पुन्हा चालू करणे जड जाते. पाणी तुटलेला खोडवा कसा होतो ते आपण पाहतोच.

शेवटी दोन-तीन गोष्टी करू नयेत त्या सांगतो. पोराच्या चित्राकडे बघून "अगदी फोटोवाणी काढलंय" एवढेच बोलून सोडू नये. "हे झाड कुठं बघितलंस?", "हा रंग कसा केलास?" असे विचारावे, म्हणजे ते खुलून बोलते. दुसरे, पोराला चित्र येते म्हणून गणपतीचे मखर, लग्नातला फलक, मंडळाचा बॅनर ही कामे त्याच्यावर फुकट लादू नयेत. सांगितलीच तर त्याच्या हातावर दाम ठेवावे. कामाचे मोल होते हे पोराला पहिल्यांदा आपल्याकडूनच कळू द्या. तिसरे, त्याने दिलेले चित्र गुंडाळून माळ्यावर टाकू नये. चौकट करून गावाकडच्या घरात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असे लावावे. पुढच्या सुट्टीत पोर आले आणि सोप्यावर आपले चित्र पाहिले, की त्याला दुसऱ्या कुठल्या शाबासकीची गरज उरणार नाही.

आमची संचालक मंडळालाही एक सूचना आहे. सभासदांच्या पाल्यांचा गुणगौरव करताना दहावी-बारावीच्या टक्क्यांबरोबर रेखाकला परीक्षेतल्या श्रेणीचीही नोंद घ्यावी, आणि बक्षीस म्हणून ढाल न देता कागद आणि रंग द्यावेत. ढाल कपाटात राहते, कागद कामी येतो. आणि या पत्रिकेच्या शेवटच्या पानावर दर अंकात एका मुलाचे किंवा मुलीचे चित्र छापावे. मूल गावात राहते की नवी मुंबईत, हे पाहू नये. सभासदांनी वार्षिक सभेत यावर आपले मत जरूर मांडावे.

यंदा दिवाळीला निघताना गुळाच्या ढेपेबरोबर पिशवीत कार्ट्रिज कागदाची एक गुंडाळी असू द्या, एवढीच विनंती.